शालन कोण

गुळवणी साहेबांनी गोळ्यांची पट्टी पदकासारखी वर धरली आणि म्हणाले, "वाचा बघू कोणीतरी."

दुपारच्या चहाची वेळ होती. पॅकिंगच्या हॉलमध्ये आम्ही बायका डोक्यावरच्या टोप्या काढून कपबशा घेऊन बसलो होतो. सगळ्यात पुढं बसलेल्या हौसाबाईनं डोळे बारीक करून वाचलं, "शा... लं... टॉल."

"शाब्बास. आता सांगा, हे नाव कुठून आलं?"

"तुमच्या घरातलं अजून कोण ऱ्हायलं हुतं का, साहेब?"

हॉल हसला, साहेबही हसले. कारण त्यांची रीतच तशी होती. मोठ्या कंपन्यांसारखी डोकी फोडून नावं शोधायची नाहीत. घरातली एक बाई घ्यायची आणि तिच्या नावाला शेपूट जोडायचं. आई यशोदा, म्हणून खोकल्याचं औषध यशोकफ. मुलगी केतकी, म्हणून सर्दीची गोळी केटकोल्ड. बायको सुमती. तिच्या नावाचं सुमोरॉइड नेमकं मूळव्याधीचं मलम निघालं, आणि वहिनीसाहेब बरेच दिवस साहेबांशी बोलत नव्हत्या, असं त्यांचा ड्रायव्हर सांगायचा. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखाना आमचा. तिथं अशी गोष्ट लपत नसे.

"घरातल्या बायका संपल्या," साहेब म्हणाले, "तेव्हा लक्षात आलं, हा कारखाना हेच आपलं घर. ही फिटची गोळी आहे. आणि हिचं नाव आहे आपल्या शालनचं. अनसूयेची धाकटी बहीण. आठवते ना सगळ्यांना?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. ती अनसूया म्हणजे मी; माझ्या बशीतला चहा मांडीवर सांडला. भाजलं, पण ते मला नंतर कळलं.

आठवत होती सगळ्यांना. शालन लग्नाआधी माझ्याच शेजारी, पट्ट्या सील करायच्या मशीनवर उभी असायची. एक दिवस तिथंच तिला फिट आली. मनगट तापलेल्या रोलरवर पडलं. साहेबांनी स्वतः तिला उचलून गाडीत घातलं आणि मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि शालनच्या फिट थांबल्या. साहेब तेव्हाच म्हणाले होते, ही गोळी आपण करायची. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तुम्हाला त्यांचा राग येईल, आणि मला तर अजून येतो.

"पुढच्या रविवारी समारंभ," साहेब सांगत होते. "शालनचा आणि तिच्या सासरच्यांचा सत्कार. वर्तमानपत्रवाले येणार. उद्या सुट्टी आहे, मी आणि तुमच्या वहिनी स्वतः इचलकरंजीला जाऊन त्यांना कुंकू लावून बोलावणं करणार आहोत."

हौसाबाई माझ्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. तिला ठाऊक होतं, आणि त्या हॉलमधल्या निम्म्या बायकांना ठाऊक होतं, की शालनच्या सासरी फिटचं कुणालाच माहीत नाही.

आम्ही लपवलं होतं. आमच्या वडलांनी ठरवलं आणि आम्ही सगळ्यांनी तोंड शिवलं. तुम्ही म्हणाल, फसवणूक. असेल. तेव्हा कायदाच असा होता की बायकोला वारंवार फिट येतात म्हणून नवऱ्यानं कोर्टात जावं आणि लग्नच रद्द करून घ्यावं. पुढं बऱ्याच वर्षांनी तो शब्द कायद्यातून काढला. तोवर किती जणी माहेरी येऊन मेल्या त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. खरं बोलून आमच्या शालनचं लग्न झालं असतं, असं ज्याला वाटतं त्यानं आपल्या पोरासाठी अशी मुलगी केली का, ते आधी सांगावं.

चहा संपल्यावर मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, उद्या जाऊ नका."

"का गं?"

"तिच्या घरी माहीत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे लग्न ठरवताना सांगितलं नाहीत तुम्ही?"

"नाही."

"अगं, मग हीच संधी आहे. लाज कसली त्यात? आजार म्हणजे पाप आहे का? साखरेचा आजार लपवतो का कोणी?"

"तुमचं सगळं बरोबर आहे, साहेब. पण नांदायचं तिला आहे."

"मी समजावून सांगतो त्यांना. माझं ऐकतील."

ऐकतील. औषधाच्या कारखान्याचा मालक मोटारीतून उतरून सांगेल आणि शालनच्या सासरचं तेलसिंग्यांचं घर माना डोलवेल. शालनच्या सासऱ्यांना सगळे नाना म्हणायचे. त्यांच्याच गल्लीतल्या एका सुनेला कोड निघालं, तेव्हा ओट्यावर बसून हेच नाना म्हणाले होते, "फसवून दिल्याला माल परत करायचा असतोय. त्यात कसली दया?" शालन तेव्हा आतून चहा घेऊन येत होती. तिनंच मला सांगितलं. आणि आता तिच्या कडेवर पोर होतं. माल परत करताना पोर कोणाकडं राहतं, ते सांगायला नको.

"नाव तरी बदला, साहेब."

"पाकिटं छापून आलीत, अनसूया. आणि का बदलू? शंभर वर्षांनी लोक तिच्या नावानं गोळी मागतील. अशा किती जणींच्या वाट्याला येतं हे?"

तिला विचारलं होतं का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या केबिनमध्ये माझी नोकरी होती आणि घरी अंथरुणाला खिळलेले वडील होते. मी बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळची पहिली एसटी धरली. साहेब जेवूनच निघतील, असा माझा अंदाज होता. पण अंकलीच्या पुलावर गाड्यांची रांग लागली, आणि मागून आमच्याच रांगेत साहेबांची पांढरी अँबॅसिडर येऊन उभी राहिली. खिडकीतून मला वहिनींचा जरीचा पदर दिसला. मांडीवर कुंकवाचा करंडा होता. मी खाली वाकून बसले, जणू त्यांनी मला पाहिलं नाही तर एसटी गाडीच्या आधी पोचणार होती.

रांग सुटली आणि गाडी आम्हाला मागं टाकून निघून गेली. कंडक्टर कोणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होता. मी म्हटलं, "मास्तर, गाडी हाणायला सांगा की जरा."

"का, लगीन हाय का मावशे?"

"मोडायला आलंय," मी म्हटलं. तो हसला. त्याला विनोद वाटला.

जयसिंगपूरला मिठाईच्या दुकानासमोर ती पांढरी गाडी उभी दिसली. पेढे घेत होते. मी आयुष्यात देवाचं नाव फारसं घेतलेलं नाही, पण त्या हलवायानं सावकाश बांधावेत म्हणून मी त्या दिवशी घेतलं.

तेलसिंग्यांचं घर म्हणजे पुढं यंत्रमागांची शेड आणि मागं दोन खोल्या. मागांचा खडखडाट इतका, की त्या घरातली माणसं घरात नसली तरी ओरडूनच बोलत. शालनचा नवरा मनोहर दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर होता, माग दुरुस्त करायचा. तो पाळीवर गेला होता. सासू, जिला शालन आत्ती म्हणायची, दाराशी बसून सुताच्या कांड्या भरत होती. नाना खाटेवर पडून कमरेला तेल चोळत होते.

"ये गं अक्का," आत्ती म्हणाली. मला त्या घरात सगळे अक्काच म्हणत. "अशी अवचित?"

"सहज आले."

"सहज कोण येतंय इतक्या लांब? जा, आत हाय मनीषा."

मनीषा म्हणजे शालन. लग्नात मनोहरनं ताटातल्या तांदळात अंगठीनं तेच नाव लिहिलं होतं, आणि ते आत्तीनं निवडलं होतं. तेव्हापासून शालन ही त्या घरात कधी नव्हतीच. मी स्वतः तिथं तिला शालन म्हणायची नाही. जीभ चावून मनीषा म्हणायची. हळूहळू त्या नावाची तिलाही सवय झाली, असं ती म्हणायची.

मागच्या नळावर शालन भांडी घासत होती. मी भराभर सांगितलं. ती ऐकता ऐकता तवा घासतच राहिली.

"कधी येतायत?"

"आत्ता. जयसिंगपुरात पेढे घेत होते."

तिनं तवा धुतला, पालथा घातला. मग म्हणाली, "अक्का, मीच सांगून टाकू का आत्तींना? ते येण्याआधी?"

"डोकं ठिकाणावर आहे का? नाना बसलेत तिथं."

"कधीतरी कळणारच की."

"कधीतरी कळू दे. आज नको."

"तू दर महिन्याला गोळ्या घेऊन येतीस. मी मिशरीच्या डबीत लपवून ठेवते, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून खाते. दम लागतो मला त्या गोळीनं नव्हे, त्या डबीनं. कुणी उघडली का, कुणी हलवली का." ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली. "आणि आता तीच गोळी माझ्या नावाची? मी माझंच नाव चोरून गिळायचं?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

मी पुढं धावले. साहेब गाडीतून उतरले होते, पण त्यांना मागांच्या शेडनं धरलं. यंत्र दिसलं की साहेब पोरासारखे व्हायचे. शेजारच्या कारखानदाराला थांबवून ते मागावर सूत इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्याबद्दल काहीतरी विचारत होते. वहिनी एकट्याच करंडा आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आत आल्या. मला बघून त्या थबकल्या. मी मान हलवली. नको, एवढंच माझी मान म्हणू शकत होती. त्यांना कळलं की नाही, कळलं नाही.

"या, बसा," आत्तीनं सतरंजी टाकली. नाना उठून बसले आणि सदरा खाली ओढला.

"मी सांगलीहून आले. आमचा औषधांचा कारखाना आहे, ह्या आमच्याकडंच असतात," वहिनी म्हणाल्या. "आमच्या नव्या औषधाला शालनचं नाव दिलंय. पुढच्या रविवारी समारंभ आहे. तुम्ही सगळ्यांनी यायचं."

"कशाचं औषध?" नानांनी विचारलं.

वहिनींनी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "फिटचं."

"फेपऱ्याचं?"

"हो."

"आणि ही शालन कोण?"

मी आत्तीकडं बघितलं. सुनेचं माहेरचं नाव सासऱ्यानं लक्षात ठेवायची आपल्यात पद्धत नाही. पत्रिकेवर छापलेलं असतं आणि पत्रिका रद्दीत जाते. पण आत्तीला माहीत होतं. ते नाव पुसून दुसरं लिहायचं तिनंच ठरवलं होतं. ती आता बोलणार, आणि तिच्या दोन शब्दांत माझ्या बहिणीचं घर उठणार.

शालन आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. पोर कडेवर होतं. हात ओले. तिचं तोंड उघडलं. ती सांगणार होती. मी तिला ओळखते, ती सांगणारच होती.

"ही की," आत्ती म्हणाली.

तिनं हातातली कांडी उचलून माझ्याकडं रोखली आणि नानांना सांगितलं.

"ही थोरली. हिचं नाव शालन. आम्ही अक्का म्हणतो म्हणून तुमाला म्हाईत न्हाई. हिला लहानपणापास्नं फेपरं येतंय. म्हणून तर बिनलग्नाची ऱ्हायली बिचारी."

नानांनी माझ्याकडं पाहिलं. आधी कीव आली त्यांच्या डोळ्यांत आणि मग त्यांनी पाय किंचित आखडून घेतले. मी त्यांच्यापासून चांगली हातभर लांब उभी होते.

"असं व्हय," ते म्हणाले. "कधी बोलली न्हाईस गं."

वहिनींची नजर शालनच्या मनगटावर गेली होती. रोलरचा डाग लख्ख दिसत होता. साहेबांनी तो प्रसंग घरी किती वेळा रंगवून सांगितला असेल, कुणास ठाऊक. वहिनींनी डागाकडं पाहिलं, शालनच्या कडेवरच्या पोराकडं पाहिलं, मग करंडा उघडला आणि उठून माझ्यासमोर आल्या.

"शालन," त्या मला म्हणाल्या, "वर बघ." आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं. हळूच, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाल्या, "मलाही विचारलं नव्हतं गं."

तेवढ्यात दारातून साहेबांचा आवाज आला. "काय शालन, ओळखलंस का?"

ते आतल्या दाराकडं बघून बोलत होते. खरी शालन तिथं उभी होती आणि तिनं मान वर केली.

"ओळखलं की, साहेब," मी मधे जाऊन उभी राहिले. "आम्ही येतो रविवारी."

साहेब गोंधळले. "अगं, तू नव्हे, ही..."

"चला," वहिनी करंडा मिटत म्हणाल्या, "उशीर झालाय. कोल्हापूरला जायचंय ना?"

"कोल्हापूरला? कशाला?"

"गाडीत सांगते." आणि त्यांनी साहेबांना दाराबाहेर काढलं, एखाद्या पोराला लग्नातल्या पंगतीतून उठवावं तसं.

गाडी गेली. नाना पेढ्याचा पुडा सोडून बसले. मी नळावर तोंड धुवायला गेले. कपाळावरचं कुंकू जाता जात नव्हतं. मागून आत्ती आली. तिनं बादली नळाखाली सरकवली, म्हणजे पाण्याचा आवाज होईल.

"पुढच्या खेपंला गोळ्या मिशरीच्या डबीत नको ठिवाय लावूस," ती म्हणाली. "माझी म्हणून तिची डबी उघडली मी. बोट घातलं आणि दातावर फिरवलं. दिवसभर तोंड कडू. तळाशी गोळ्या हुत्या, एक औषधाच्या दुकानात दाखवली तवा कळलं कशाच्या त्या."

"कधी?"

"पहिल्या संक्रांतीला."

म्हणजे लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. ही बाई एवढे दिवस त्या डबीशेजारी बसून कांड्या भरत होती.

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाजवळ बोलू? ह्येंच्याजवळ? बोलले असते तर पोरगी त्याच दिवशी एसटीत बसली असती." बादली भरून वाहायला लागली. तिनं नळ बंद केला नाही. "पोरगी कामाची हाय. माझ्या पोराचं घर मांडलंय तिनं. माझ्या घरात शालन न्हाई. मनीषा हाय. ती मी आणलीय, मी ठिवणार."

"आणि माझं काय?" मी विचारलं. "उद्या पेपरात फोटो येणार. मला कुणी विचारलं?"

"तुझं काय जातंय? तुला ना नवरा, ना सासू. तुला कोण घालवणार?"

हे तिनं वाईटपणानं म्हटलं नाही. हिशेब सांगावा तसं सांगितलं. आणि मला त्या हिशेबात एकही चूक सापडली नाही, म्हणूनच मी आजही तो विसरलेले नाही.

सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वहिनींनी त्यांना सगळं सांगितलेलं होतं. ते बराच वेळ टाचणी घेऊन टेबलावरच्या कागदाला भोकं पाडत बसले.

"मी चुकलो, अनसूया," ते म्हणाले. मला बरं वाटलं. अर्धा क्षण. "पण समारंभ आता रद्द करता येत नाही. डॉक्टर लोक येतायत. आणि नावामागची गोष्ट लोकांना आवडेल अशी आहे. तर असं करू या. तूच बस."

"मी?"

"शालन म्हणून. काय फरक पडतो?"

त्यांना शालन हवी होती. कोणती, याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. मी म्हटलं, "बसते. पण मला बोलायला लागेल."

"दोन शब्द बोल की."

ठरल्या रविवारी मांडव घातला. साहेबांनी माझ्या मनगटावर डाग नाही म्हणून मला लांब हाताचं पोलकं घालायला सांगितलं. माईकवरून त्यांनी मशीनची, गाडीची, मिरजेच्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हौसाबाई रडली नाही; ती दात आवळून माझ्याकडं बघत होती. मला साडी दिली, नारळ दिला आणि माईक दिला.

"मला फिट येतात," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "फिट येणारी बाई स्वैपाक करते, पोर सांभाळते, मागावर कांड्या भरते, सासूची सेवा करते. मी बघितलंय. तिला चप्पल हुंगवू नका, कांदा हुंगवू नका. तिला परत पाठवू नका." मग मला पुढचं काही सुचलं नाही आणि मी खाली बसले. टाळ्या वाजल्या. वर्तमानपत्रात फोटो आला, खाली नाव आलं: शालन.

इचलकरंजीत तो फोटो नानांनी वाचला आणि सुनेला म्हणाले, "तुझ्या बहिणीनं नाव काढलं बघ." शालननं मला हे सांगताना हसायचा प्रयत्न केला होता. मनोहरला त्याच्या आईनं काय सांगितलं मला माहीत नाही. त्यानं मला कधी विचारलं नाही, आणि बायकोला कधी परत पाठवलं नाही. त्या घरापुरतं झालं ते चांगलंच झालं.

माझ्यापुरतं सांगते. मला सील करायच्या मशीनवरून काढलं आणि खोक्यांच्या घड्या घालायला बसवलं. नवा सुपरवायझर आला होता, त्याला खरं कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना मीच गप्प बसवलं होतं. कवठ्याचा एक विधुर मास्तर मला बघून गेला होता, चांगला माणूस वाटला होता मला. त्याच्या भावानं पेपरातला फोटो दाखवला आणि निरोप आला. गल्लीत पोरं मला शालंटॉल म्हणायची. एकदा बसस्टँडवर उन्हानं चक्कर आली, तर कोणीतरी खरोखरच नाकाला चप्पल लावली. मी उठून त्याच चपलेनं त्याला हाणलं.

आणि गोळ्या आता उघड मिळायला लागल्या. मिरजेतल्या दुसऱ्या, शालनला कधी न पाहिलेल्या डॉक्टरकडं केसपेपर माझा, नाव शालन. आजारी नसलेली मी दर दोन-तीन महिन्यांनी मिरजेला जाऊन बसायची आणि इचलकरंजीत क्वचित कधी येऊन गेलेल्या फिटचं वर्णन करायची. "रात्री आली डॉक्टर, जीभ चावली. नंतर डोकं दुखलं." "आधी काही जाणवतं का?" "हो, जळल्यासारखा वास येतो." सगळं शालनकडून पाठ करून जायची. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून बघायचे ते मात्र माझ्या. आत्ती निरोप पाठवायची, "शालनच्या गोळ्या संपत आल्या असतील, तिला म्हणावं, येऊन जा." भर घरात, नानांसमोर, मोठ्यानं.

बरीच वर्षं गेली. नाना गेले, आत्ती गेली. गुळवणी साहेब गेले आणि कारखाना त्यांच्या मुलानं मुंबईच्या कुठल्याशा कंपनीला विकला. गोळी राहिली, नावासकट. शालनच्या पोराचं लग्न झालं. आणि मग, केस पांढरे झाल्यावर, तिच्या फिट एकदम वाढल्या. पाठ करून सांगण्याइतक्या सोप्या राहिल्या नाहीत. मी म्हटलं, आता तू चल.

मिरजेच्या दवाखान्यात आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. जुने डॉक्टर गेले होते, त्यांची सून बसायची. केबिनचं दार उघडं होतं. आत टाय लावलेला एक कंपनीचा माणूस त्याच गोळीचं नवं पाकीट दाखवत होता.

"शालंटॉल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सासऱ्यांच्या काळापासून लिहितोय आम्ही. हे नाव आलं कुठून हो?"

"ग्रीक शब्द आहे, मॅडम. शालोस म्हणजे शांत समुद्र. त्यावरून."

मी हसले. अगदी मोठ्यानं हसले. बाकावरची माणसं बघायला लागली. शालन हसली नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. डागाची कातडी आता सुरकुतलेल्या मनगटात शोधावी लागत होती.

तो माणूस बॅग उचलून बाहेर आला. कंपाउंडरनं ढिगातला वरचा केसपेपर घेतला, दारात उभा राहिला आणि कागदावरनं मान वर न काढता म्हणाला, "शालन कोण?"

सवयीनं माझे गुडघे उठायला निघाले. इतक्या वर्षांची सवय. माझ्या खांद्यावर हात पडला. जोराचा नव्हता, पण खाली दाबणारा होता.

"मी," शालन म्हणाली.

कंपाउंडर मला ओळखत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, परत माझ्याकडं पाहिलं. "अहो, पण शालनबाई तर..."

"मी शालन," ती त्याला म्हणाली. मग जाता जाता थांबली आणि त्या टायवाल्याकडं वळली. "आणि ते नाव ग्रीक नाही. माझं आहे."

ती आत गेली आणि दार लागलं. मला म्हणायचं होतं, बाई, फार उशीर केलास. पण म्हणायला समोर कोणी नव्हतं. कंपाउंडर हातातला पुढचा केसपेपर उलटसुलट करत माझ्यासमोर उभा होता.

"मग तुमचं नाव काय?" त्यानं विचारलं.

मला चटकन आठवलं नाही.